प्रलय किती भागांत बसतो?

मे २०२०च्या तिसऱ्या आठवड्यात दिल्ली सरकारने बाजारपेठा सम-विषम पद्धतीने उघडायला परवानगी दिली. आज सम क्रमांकाची दुकाने, उद्या विषम. मुंबई-पुण्याचा पाहुणा आला की दिल्लीकर मराठी घरांतून त्याला लाल किल्ल्याच्याही आधी जिथे नेले जाते, त्या सरोजिनी नगरच्या बाजारासाठीही नियम हाच. तो आठवडा उजाडता उजाडता, १७ मे रोजी, रत्नाकर मतकरी मुंबईत कोविडने गेले. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांची झोप उडवणारा गूढकथाकार साथीच्या रोगाने जावा, हे कोणी कथेत लिहिले असते तर मतकरींनीच ते जुळवून आणलेले म्हणून नापास केले असते.

त्याच सुमारास अमेरिकेत स्टीफन किंगच्या ‘द स्टँड’ या कादंबरीवरची नऊ भागांची मालिका संकलनाच्या टेबलावर होती. तिचे चित्रीकरण मार्च २०२०मध्ये, टाळेबंदीच्या अगदी उंबरठ्यावर संपले होते. विषय काय, तर लष्करी प्रयोगशाळेतून निसटलेला फ्लू जवळजवळ सगळी माणसे मारून टाकतो आणि उरलेले मूठभर लोक दोन गटांत विभागले जातात. एक गट मदर अबगेल या वृद्धेच्या मागे कोलोरॅडोतल्या बोल्डरला जातो, दुसरा रँडल फ्लॅग नावाच्या सैतानी माणसाच्या मागे लास वेगासला. मालिका १७ डिसेंबर २०२० रोजी झळकली. एवढा अचूक मुहूर्त कोणत्याही निर्मात्याला मिळालेला नाही, आणि तो इतका वायाही कोणी घालवलेला नाही.

या कादंबरीचा पडद्यापर्यंतचा प्रवासच एक कादंबरी आहे. १९७८मध्ये ती छापताना प्रकाशकाने किंगला सुमारे चारशे पाने गाळायला लावली होती. कारण साहित्यिक नव्हते, इतक्या जाड पुस्तकाच्या किमतीचे होते. १९९०मध्ये ती पाने परत आली आणि पुस्तक साडेअकराशे पानांच्या घरात गेले. मधल्या काळात दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो तिच्यावर चित्रपट करणार होता. ते जमेना. दोन-तीन तासांत एवढा गोतावळा बसवायचा कसा, याचे उत्तर कोणालाच सापडले नाही.

उत्तर टीव्हीने दिले. मे १९९४मध्ये एबीसी वाहिनीने चार रात्रींत ही कथा दाखवली. पटकथा स्वतः किंगची, दिग्दर्शन मिक गॅरिसचे. पैसे वाचवण्यासाठी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रीकरण केलेले. आज तिचे स्पेशल इफेक्ट्स बघताना हसू येते, पण सुरुवात अजूनही अंगावर येते: प्रयोगशाळेतून कॅमेरा शांतपणे फिरतो, जेवणाच्या खोलीत माणसे बसल्या जागी मेलेली, टेबल टेनिस खेळणारेही तिथेच कोसळलेले, आणि वर रॉक गाणे चालू. रक्ताचा मोठा देखावा नाही. राष्ट्रीय वाहिनीवर तो दाखवताही आला नसता.

किंगच्या पुस्तकातला सर्वांत भीतिदायक भाग साथ पसरण्याचा आहे. हायवेवरचा एक पोलीस वेगात जाणाऱ्या विमा एजंटाला अडवतो. एजंट दंडाच्या पावतीबरोबर रोगही घेऊन निघतो. पुढे तो जेवायला थांबतो आणि वेट्रेससाठी टीप ठेवतो. त्या नोटेवर काय चिकटले आहे ते वाचकाला माहीत असते, तिला नसते. अशी माणसामागून माणसाची साखळी शांतपणे वाढत जाते. १९९४च्या मालिकेने निदान घटनाक्रम सरळ ठेवला. २०२०च्या मालिकेने मात्र गोष्ट सुरू केली ती साथ ओसरल्यानंतर, बोल्डरमध्ये प्रेते उचलणाऱ्या तुकडीपासून, आणि मग पुढे-मागे उड्या मारल्या. कोण वाचणार हे पहिल्याच भागात कळले की साथीची भीती उरतेच कुठे? जेम्स मार्सडन, व्हूपी गोल्डबर्ग, अलेक्झांडर स्कार्सगार्ड असे नट असूनही मालिका थंड वाटली, त्याचे मोठे कारण हे.

शिवाय प्रेक्षक आता अडाणी राहिला नव्हता. खऱ्या साथीत लोक पडद्यावरच्यासारखे वागत नाहीत, हे त्याने पाहिले होते. ओमायक्रॉनच्या दिवसांत, डिसेंबर २०२१मध्ये, सरोजिनी नगरात इतकी झुंबड उडाली की दिल्ली उच्च न्यायालयाने चिंता व्यक्त केली आणि नाताळच्या शनिवार-रविवारी तिथे पुन्हा सम-विषम लावावे लागले. साथ दारात, आणि लोक स्वेटरचा भाव पाडण्यात गुंग! प्रलयकथा लिहिणाऱ्याने असा प्रसंग घातला तर निर्माता तो न पटणारा म्हणून कापेल.

आपल्याकडे लांबलचक भयकथेला टीव्हीवर जागा मिळायला वेळ लागला. १९८९च्या सुमारास दूरदर्शनवर ‘किले का रहस्य’ आली, पण नंतर राज्य आले ते साप्ताहिक भुतांचे. १९९३मध्ये रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’, १९९५मध्ये ‘आहट’. नवे भूत आणायचे, थोड्याच भागांत त्याचा निकाल लावायचा. मराठीतही ‘अनोळखी दिशा’ने भयकथाकार नारायण धारपांच्या कथा अशाच सुट्या-सुट्या घेतल्या. कथांना हा साचा मानवतो; धारपांची कादंबरी त्यात बसत नाही.

आणि धारप म्हटले की किंग आलाच. ‘लुचाई’मागे किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे ‘इट’. यावरून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. पण अमेरिकन गावातले भय मराठी गावात आणून तिथे ते घट्ट रुजवणे हे निव्वळ भाषांतराचे काम नव्हे. राही अनिल बर्वेच्या ‘तुंबाड’ चित्रपटाचे (२०१८) एक मूळ धारपांच्या ‘आजी’ कथेत आहे, आणि ‘आजी’चे किंगच्या ‘ग्रॅमा’त. म्हणजे किंगची म्हातारी धारपांच्या हातून मराठी झाली आणि पुढे कोकणातल्या वाड्यात जाऊन बसली. त्याच वर्षी झी मराठीवर ‘ग्रहण’ आली. धारपांच्या कादंबरीवर बेतलेली, पल्लवी जोशी मुख्य भूमिकेत. मार्चमध्ये सुरू झाली, जुलैत संपली. दैनंदिन मालिकेत रोज शेवटच्या मिनिटाला दचकवावे लागते. धारपांची भीती दचकवत नाही, चढत जाते. रोजच्या दचक्यांत ती चढण हरवून जाते.

प्रलयाच्या धमकीवर उभी असलेली जाडजूड भारतीय कादंबरी मालिकेत आली तीही २०१८मध्येच: विक्रम चंद्रांची ‘सेक्रेड गेम्स’, नऊशेच्या आसपास पानांची. भुते नाहीत, पण पंचवीस दिवसांत मुंबई नष्ट होणार ही टांगती तलवार आहे. जितेंद्र जोशीचा हवालदार काटेकर मराठी प्रेक्षकाने घरचा माणूस मानला. पहिले आठ भाग उत्तम वठले, दुसऱ्या पर्वाचे आठ गुरुजी नावाच्या बाबाच्या आश्रमात रेंगाळले. कादंबरीत बाँब सापडतो, शहर वाचते आणि नायक, पोलीस अधिकारी सरताज, रोजच्या कामाला लागतो. चंद्रांना तो साधेपणाच हवा होता. मालिका मात्र बाँब थांबवण्याची सांकेतिक खूण टाकता टाकता संपली. शहर वाचले की नाही ते सांगितलेच नाही, आणि तिसरे पर्व आले नाही.

‘द स्टँड’चेही घोडे शेवटाशीच अडते. मूळ पुस्तकात लास वेगासमध्ये देवाचा हातच खाली येतो आणि प्रश्न मिटवतो. १९९४मध्ये तो हात चक्क चमकता दाखवला आणि लोक अजून त्यावर हसतात. २०२१च्या फेब्रुवारीत किंगने स्वतः शेवटचा भाग लिहून वाचलेल्यांपैकी एक असलेल्या फ्रॅनीच्या वाट्याला तिची स्वतःची परीक्षा दिली. चाळीस वर्षांनी लेखकालाही आपला शेवट पुरेसा वाटत नव्हता, हे त्यातून दिसते. तो भाग बरा आहे, पण आधीच्या आठ भागांनी दमलेल्या प्रेक्षकापर्यंत तो उशिरा पोचला.

आता वेबमालिकांमुळे आठ-दहा भागांत गोष्ट सांगून मोकळे होता येते. ‘शपथ’ला तेवढे पुरतील. कोणी मराठी निर्माता ती हाती घेणार असेल तर त्याने गावातली मुले, त्यांची भीती आणि त्यांची मोठेपणची परत भेट यांना सवडीने जागा द्यावी, कालक्रमाशी खेळताना भीतीचा चढ मोडणार नाही एवढे पाहावे, आणि शेवटचा भाग सर्वांत आधी लिहून घ्यावा.