जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील सार्वजनिक वाहतूक

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील दोन लगतचे तालुके आहेत. या तालुक्यांतील सार्वजनिक वाहतूक जवळजवळ संपूर्णपणे रस्त्यावर अवलंबून असून तिचा कणा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची (एसटी) बससेवा हा आहे. दोन्ही तालुक्यांतून एकही रेल्वेमार्ग जात नाही. पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या (पीएमपीएमएल) शहरी बस दक्षिणेकडील खेड तालुक्यात राजगुरूनगरपर्यंत येतात. परंतु जुन्नर व आंबेगाव हे तालुके पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्राबाहेर आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची एकत्रित लोकसंख्या सहा लाखांहून अधिक होती.

भौगोलिक पार्श्वभूमी

या भागातील वाहतुकीची रचना नद्यांच्या खोऱ्यांनी ठरवली आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेत उगम पावणाऱ्या घोड, मीना, कुकडी, पुष्पावती व मांडवी या नद्या साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि त्यांच्या खोऱ्यांमध्ये डोंगराच्या सोंडा पसरलेल्या आहेत. त्यामुळे स्थानिक रस्ते मुख्यतः खोऱ्यांना धरून पूर्व-पश्चिम जातात. पुणे-नाशिक महामार्ग मात्र दक्षिणोत्तर जातो आणि ही खोरी ओलांडतो. खोऱ्यातील रस्ता महामार्गाला जेथे मिळतो तेथे बाजारपेठा व बसस्थानके वाढली. घोड खोऱ्यातून घोडेगावकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी मंचर, जुन्नरकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी नारायणगाव आणि ओतूर-माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी आळेफाटा ही अशी ठिकाणे होत.

याचा एक परिणाम असा की जुन्नर आणि घोडेगाव ही तालुक्यांची मुख्यालये महामार्गापासून आत आहेत, तर प्रवाशांची मोठी वर्दळ महामार्गावरील नारायणगाव, मंचर व आळेफाटा येथे असते. दुसरा परिणाम पश्चिम भागात दिसतो. डोंगराच्या दोन बाजूंना असलेली गावे सरळ रेषेत जवळ असली, तरी बसने जाणाऱ्यास बहुधा एका खोऱ्यातून खाली उतरून दुसऱ्या खोऱ्यातून पुन्हा वर जावे लागते.

इतिहास

जुन्नर हे प्राचीन काळापासून दळणवळणाचे केंद्र आहे. कोकणातील बंदरे व दख्खनचे पठार यांना जोडणारा नाणेघाट याच तालुक्यात असून घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख आहे. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीच्या वसुलीसाठी वापरला जात असे, अशी समजूत आहे. जुन्नर परिसरातील लेण्यांच्या शिलालेखांत यवन दात्यांचे उल्लेख आढळतात. ते या व्यापारी मार्गाच्या महत्त्वाचे द्योतक मानले जातात. नाणेघाटातून आजही मोटाररस्ता नाही. कोकणात उतरणारी वाहने माळशेज घाटाने जातात आणि नाणेघाट ही पायवाटच राहिली आहे.

स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक आपल्या हाती घेतली. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे या मार्गावर धावली. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या सेवेला महामंडळाचे स्वरूप मिळाले आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर तिला सध्याचे नाव प्राप्त झाले. ‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी’ या धोरणानुसार पुढील दशकांत डोंगराळ पश्चिम पट्ट्यातील गावांपर्यंत बस पोहोचल्या. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव हे गाव बुडाले. तालुक्याचे नाव मात्र कायम राहिले.

प्रमुख मार्ग

पुणे-नाशिक महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६०, पूर्वीचा क्रमांक ५०): चाकण, राजगुरूनगर, मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर व सिन्नर या मार्गाने तो नाशिकला जातो. पुण्याहून मंचर सुमारे ६० किलोमीटर, तर नारायणगाव सुमारे ७५ किलोमीटर अंतरावर आहे.

कल्याण-अहिल्यानगर महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६१, पूर्वीचा क्रमांक २२२): मुरबाड, माळशेज घाट, मढ, ओतूर, आळेफाटा व बेल्हे या मार्गाने तो पारनेर तालुक्यात प्रवेश करतो. हे दोन्ही महामार्ग आळेफाटा येथे एकमेकांना छेदतात. ‘फाटा’ म्हणजे मुख्य रस्त्यावरून आडरस्ता फुटण्याची जागा. आळे गावाचा फाटा म्हणून ओळखले जाणारे हे ठिकाण आज पुणे, नाशिक, मुंबई व अहिल्यानगर या चारही दिशांच्या प्रवाशांचे गाडी बदलण्याचे स्थान आहे.

मंचर-भीमाशंकर रस्ता: घोडेगाव, डिंभे व तळेघर या मार्गाने हा रस्ता भीमाशंकरला जातो. आंबेगाव तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातील बऱ्याच बसफेऱ्या या रस्त्यावरून पुढे फुटतात.

राज्य परिवहन सेवा

दोन्ही तालुके महामंडळाच्या पुणे विभागात येतात. नारायणगाव येथे आगार असून जुन्नर, ओतूर, आळेफाटा, मंचर व घोडेगाव येथे बसस्थानके आहेत. पुण्यातील शिवाजीनगर बसस्थानकातून या भागाकडे बस सुटत असत. मेट्रोच्या कामामुळे हे स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडी येथे हलवण्यात आले.

सेवेचे दोन भिन्न प्रकार दिसतात. पहिला प्रकार महामार्गावरील लांब पल्ल्याच्या बसचा. पुणे-नाशिक दरम्यानच्या बस राज्यातील अनेक आगारांच्या असतात आणि त्या या तालुक्यांतून केवळ पुढे जातात. महामार्गावरील गावांना त्यामुळे दिवसभर बस मिळते. दुसरा प्रकार तालुक्यांतर्गत ग्रामीण फेऱ्यांचा. या फेऱ्या शाळा, बाजार व कचेरीच्या वेळा धरून आखलेल्या असतात. एक फेरी चुकल्यास पुढच्या फेरीपर्यंत काही तासांचा अवधी जातो. दूरच्या वाड्यांच्या बाबतीत तो दुसऱ्या दिवसापर्यंतही लांबतो.

तिकिटाचा दर सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारला जातो. जानेवारी २०२५ मध्ये महामंडळाने भाड्यात १४.९५ टक्के वाढ केली. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, तर महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. विद्यार्थ्यांना सवलतीचा मासिक पास मिळतो. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींसाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने मोफत पासची योजना आहे. लहान गावांतील शाळा बहुधा चौथीपर्यंतच असल्याने पुढील शिक्षण बसवर अवलंबून असते. त्यामुळे या योजनेचा उपयोग प्रत्यक्षात किती होतो, हे सकाळची फेरी नियमित येते की नाही यावर ठरते.

मुंबई-पुणे मार्गावरील महामंडळाच्या वातानुकूलित बससेवेस जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्याचे नाव देण्यात आले आहे. जुन्नर तालुक्याच्या ग्रामीण मार्गांवर मात्र साध्या बसच धावतात.

मुक्कामी बस

पश्चिम भागातील वाहतुकीचे वैशिष्ट्य म्हणजे मुक्कामी बस होय. अशी बस संध्याकाळी स्थानकातून सुटते, मार्गाच्या शेवटच्या गावी रात्री थांबते आणि पहाटे परतीच्या प्रवासाला निघते. चालक व वाहक त्याच गावी मुक्काम करतात. या पद्धतीमुळे बस रिकामी परत न्यावी लागत नाही. बाजाराला, दवाखान्यात किंवा महाविद्यालयात जाणाऱ्यांना सकाळी वेळेवर पोहोचता येते, तसेच दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळच्या गाडीने घरी परतता येते. मुक्कामी बस बंद झाली की दोन्ही टोकांच्या फेऱ्या एकदम जातात. ग्रामपंचायतींच्या मागण्यांत मुक्कामी गाडीला अग्रक्रम असण्याचे कारण हेच आहे.

माळीण दुर्घटनेच्या वेळी या सेवेचे एक वेगळे महत्त्व समोर आले. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळून दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. सकाळी त्या मार्गाने गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव ढिगाऱ्याखाली गेल्याचे दिसले आणि त्याच्याकडून बाहेरच्या जगाला या घटनेची पहिली वार्ता मिळाली. दुर्गम भागात नियमित बस ही प्रवासाच्या साधनासोबत संपर्काचीही दोरी असते, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

यात्रा व हंगामी वाहतूक

अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीचा गिरिजात्मज व ओझरचा विघ्नेश्वर ही दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. अष्टविनायक दर्शनाच्या बस या दोन्ही ठिकाणी येतात. शिवनेरीवर शिवजयंतीला, तसेच भीमाशंकरला महाशिवरात्रीस व श्रावणात जादा गाड्या सोडल्या जातात. भीमाशंकर येथे गर्दीच्या दिवसांत खासगी वाहने मंदिरापासून काही अंतरावरील वाहनतळांवर थांबवून भाविकांना बसने पुढे नेले जाते.

चैत्र-वैशाखात गावोगावच्या देवतांच्या यात्रा भरतात. या हंगामात नारायणगाव येथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि ठिकठिकाणचे गावकारभारी सुपारी देण्यासाठी तेथे येतात. मुंबईत राहणारे चाकरमानी याच दिवसांत गावी परततात. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी बरेच जण खेड, आंबेगाव, जुन्नर व मावळ या तालुक्यांतील असून यात्रांच्या काळात ते काही दिवस आपली सेवा बंद ठेवतात.

मुंबईशी संपर्क

कामधंद्यासाठी मुंबईला जाण्याची या भागात जुनी परंपरा आहे. परदेशी मालाविरुद्धच्या सत्याग्रहात १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत हुतात्मा झालेले बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचे होते व मुंबईत गिरणीकामगार होते. डिंभे जलाशयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जुन्नर तालुक्याचा मुंबईशी सर्वांत जवळचा संपर्क माळशेज घाटातून कल्याणमार्गे आहे. पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात आणि दाट धुके असते. घाट बंद झाल्यास मुंबईच्या प्रवाशांना पुण्याकडून किंवा नाशिककडून मोठा वळसा घ्यावा लागतो. तालुक्यातील भाजीपाला व फुले मुंबईच्या बाजारात याच घाटाने जात असल्याने घाटबंदीचा फटका शेतमालालाही बसतो.

खासगी प्रवासी वाहतूक

एसटीच्या फेऱ्यांमधील पोकळी काळ्या-पिवळ्या जीप, रिक्षा व इतर खासगी वाहने भरून काढतात. नारायणगाव-जुन्नर व मंचर-घोडेगाव यांसारख्या वर्दळीच्या रस्त्यांवर ती मोठ्या संख्येने दिसतात. ही वाहने प्रवासी भरल्यावरच निघतात. त्यामुळे ती जेथे गर्दी असते तेथे भरपूर मिळतात आणि जेथे प्रवासी थोडे तेथे दुर्मिळ असतात. वर्दळीच्या मार्गांवरील उत्पन्न त्यांच्याकडे गेल्याने महामंडळाच्या वाट्याला तोट्याचे मार्ग अधिक उरतात. शिवाय एसटीतील सवलती या वाहनांत लागू नसतात.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात ग्रामीण प्रवासी खासगी वाहनांवर अवलंबून राहिले. कोविड-१९ च्या टाळेबंदीपाठोपाठ आलेल्या या खंडाने प्रवाशांची सवय मोडली आणि दुचाकीचा वापर वाढण्यास हातभार लागला. ज्यांना दुचाकी चालवता येत नाही अशा वृद्धांची व शाळकरी मुलांची अडचण मात्र त्यामुळे सुटत नाही.

रेल्वे प्रकल्प

पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची मागणी अनेक दशकांची आहे. महाराष्ट्र रेल इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने (महारेल) सुमारे २३५ किलोमीटर लांबीच्या, ताशी २०० किलोमीटर वेगाच्या दुहेरी मार्गाचा आराखडा तयार केला. त्याचा अंदाजित खर्च सुमारे १६,००० कोटी रुपये होता आणि त्यात मंचर, नारायणगाव व आळेफाटा येथे स्थानके प्रस्तावित होती.

या मार्गात जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) हा अडथळा ठरला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपते. तिच्या १४ अँटेना मध्यवर्ती भागात असून उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या आहेत. विजेवर चालणाऱ्या गाड्या व त्यांच्या संदेशयंत्रणेतून निर्माण होणाऱ्या लहरींमुळे दुर्बिणीच्या निरीक्षणांत व्यत्यय येऊ शकतो. हे कारण पुढे करून रेल्वे मंत्रालयाने मूळ मार्ग बाजूला ठेवला आणि २०२५ मध्ये शिर्डी व अहिल्यानगरमार्गे पर्यायी मार्गाचा प्रस्ताव मांडला. या पर्यायात जुन्नर व आंबेगाव हे दोन्ही तालुके वगळले जातात. मूळ मार्गच कायम ठेवावा, अशी मागणी या भागातून होत आहे.

समस्या

महामार्गाच्या रुंदीकरणात मंचर, नारायणगाव व आळेफाटा येथे बाह्यवळण रस्ते झाले. त्यामुळे गावांतील वाहतूक कोंडी कमी झाली आणि लांब पल्ल्याचा प्रवास जलद झाला. मात्र लांब पल्ल्याची बस बाह्यवळणानेच गेल्यास स्थानकात थांबलेल्या प्रवाशास तिचा उपयोग होत नाही आणि उतरणाऱ्यास गावाबाहेरच उतरावे लागते.

पूर्व व मध्य भागात कुकडी प्रकल्पाच्या सिंचनामुळे उसाचे क्षेत्र वाढले असून त्यात बिबट्यांचा वावर असतो. थांब्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता अनेकदा उसाच्या फडांमधून जातो. त्यामुळे पहाटेची पहिली व संध्याकाळची शेवटची फेरी कोणत्या वेळी येते हा या भागात सुरक्षिततेचाही प्रश्न बनला आहे. बस उशिरा आल्यास विद्यार्थी व कामगार यांना अंधारात पायी जावे लागते. पश्चिम पट्ट्यात वन्यप्राण्यांपेक्षा अतिवृष्टी, खचणारे रस्ते व दरडी यांची अडचण मोठी आहे. तेथे पावसाळ्यात बस शेवटच्या गावापर्यंत न जाता अलीकडेच थांबू शकते.