चारही चाकांचा हिशेब

चारही चाकांना इंजिनचा जोर देणारी गाडी धुराच्या तपासणीला आली, की पहिला प्रश्न धुराचा नसतो, चाकांचा असतो. ती कशावर चढवायची हे चुकलं, तर गाडीही बिघडते आणि माणूसही जखमी होतो.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, हे काम जाणते. टेकडीच्या त्या भागाला पुणेकर एआरएआय टेकडी म्हणूनच ओळखतात. नवं मॉडेल विक्रीला येण्याआधी त्याच्या धुराला अशा संस्थेची मंजुरी लागते. त्यासाठी गाडी चासी डायनॅमोमीटरवर घेतात. जमिनीत बसवलेल्या पोलादी रोलरांवर चाकं फिरतात, गाडी जागीच राहते. हवेचा विरोध आणि गाडीचं वजन यांचा भार रोलर चाकांवर टाकतात. धूर स्वच्छ हवेत मिसळून पिशव्यांत भरतात, त्यातले वायू मोजतात. काजळी धरणारा गाळणकागद चाचणीआधी आणि नंतर तोलतात. बीएस-६ च्या डिझेल कारला किलोमीटरमागे ०.०८ ग्रॅमहून जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा नाही. इतक्या बारीक हिशेबात चाकांची गफलत परवडत नाही.

दोन चाकांनी ओढणाऱ्या गाडीला दोन रोलर पुरतात. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीची पुढची चाकं रोलरवर आणि मागची फरशीवर ठेवली, तर मागच्या चाकांना जोर मिळताच गाडी पुढे झेपावू शकते. पट्ट्यांनी जखडून ठेवली, तर दोन अॅक्सलच्या वेगातला सगळा फरक मधल्या क्लचला सोसावा लागतो. तो तापतो आणि शेवटी जळतो. दोन चाकं पळतात आणि दोन थांबलेली दिसली, की गाडीचा संगणक चाकं घसरली असं समजून इंजिनचा जोर कापतो. मग आकडेही खरे उरत नाहीत. म्हणून अशा गाडीला पुढचे-मागचे रोलर एकाच वेगाने फिरवणारं डायनॅमोमीटर लागतं. सोबत घट्ट पट्टे, रेडिएटरसमोर पंखा आणि धूर खेचून बाहेर टाकणारा पाइप हवा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

४×४ लिहिलेली प्रत्येक गाडी मात्र सारखी नाही. गिअरशेजारी लहान दांडी असलेल्या महिंद्र थारमध्ये ती दांडी २एच वर घेतली, की फक्त मागची चाकं ओढतात. मग दोन रोलर चालतात. चाकणच्या एक्सयूव्ही७०० किंवा रांजणगावच्या जीप कंपासची चारही चाकांना जोर देणारी आवृत्ती ही वाटणी स्वतःच ठरवते. तिथे कंपनीच्या सूचना वाचल्याशिवाय गाडीला हात लावू नये. मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून चाचणी उरकणंही बरोबर नाही. त्या शाफ्टमध्ये वाया जाणारी शक्ती हिशेबातून गळते आणि धूर आहे त्याहून कमी दिसतो.

मंचेरियलच्या कोळसापट्ट्यातल्या किंवा प्राणहितेपलीकडच्या सिरोंचातल्या जीपमालकाचा संबंध मात्र पीयूसीशी, म्हणजे वापरातल्या गाडीच्या धूर-प्रमाणपत्राच्या तपासणीशी येतो. तिथे चाकं फिरतच नाहीत, त्यामुळे रोलरचा धोका नाही. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात. बीएस-४ गाडीला निष्क्रिय वेगात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. डिझेल गाडीचं इंजिन गरम करून, न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धुराची गडदता मोजतात. चुकून गिअर पडलेला असेल, तर चारही चाकं एकदम ओढ घेतात. हँडब्रेक ओढावा, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडीपुढे कुणी उभं राहू नये. पण ही चाचणी सुरक्षित असली तरी अर्धीच आहे. नायट्रोजन ऑक्साइड प्रामुख्याने इंजिनवर भार असताना तयार होतो आणि उभ्या गाडीवर तो भार नसतो.

भार असतानाचा धूर मोजणारी, खऱ्या रस्त्यावरची चाचणी १ एप्रिल २०२३ पासून कारच्या मॉडेलांसाठी आली. मोजयंत्र गाडीच्या मागे लावतात आणि गाडी रस्त्यावर चालवतात. चारही चाकं आपापलं काम करत असताना धूर मोजला जातो. ऑल-व्हील-ड्राइव्हसाठी याहून न्याय्य पद्धत मला दिसत नाही.

२०२१ च्या नियमांनंतर आता जागोजागी स्वयंचलित तपासणी केंद्रं उभी राहत आहेत. त्यांतल्या ब्रेक तपासणाऱ्या रोलरांनाही हाच धोका लागू आहे. नोंदणीच्या कागदावर ड्राइव्हचा प्रकार ठळक छापावा आणि तो वाचल्याशिवाय एकही गाडी रोलरवर घेऊ नये. या नियमाला खर्च जवळजवळ नाही, आणि त्याने गाडी वाचेल, तपासनीस वाचेल आणि आकडाही खरा निघेल.