पेडल स्टील गिटारमधील गुडघा-तरफा

पेडल स्टील गिटार : गुडघा-तरफांची स्थाननिश्चिती. पेडल स्टील गिटार या विद्युत् तंतुवाद्यात वादनाच्या ओघात ठराविक तारांचे स्वर चढविण्या-उतरविण्यासाठी पायाने दाबावयाच्या पेडलांबरोबरच गुडघ्याने ढकलावयाच्या तरफाही असतात. त्यांना गुडघा-तरफा म्हणतात. कोणत्या तरफेकडे कोणता स्वरबदल सोपवावयाचा आणि ती तरफ गुडघ्यापासून किती अंतरावर ठेवावयाची, हे दोन प्रश्न वादकाला प्रारंभीच सोडवावे लागतात. त्यांच्या उत्तरांवर कोणते स्वरसंघात हाती येतील हे जसे अवलंबून असते, तसेच वादनातील सहजता व शरीरावर पडणारा ताण हेही अवलंबून असतात.

वाद्याचे स्वरूप : चार पायांवर आडव्या बसविलेल्या चौकटीवर साधारणतः दहा तारा ताणलेल्या असतात. वादक खुर्चीवर बसून डाव्या हातातील पोलादी दांडी तारांवरून फिरवितो व उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत घातलेल्या नख्यांनी तारा छेडतो. पट्टीवरील पडद्यांच्या खुणा केवळ दर्शक असतात. तार त्यांवर दाबली जात नाही. डावा पाय पेडलांवर, तर उजवा पाय ध्वनीची तीव्रता कमीजास्त करणाऱ्या पेडलावर असतो. पेडल वा तरफ हलली, की चौकटीखालील आडवा दंड फिरतो, त्यावरील कोनतरफ ओढदांडीला खेचते आणि ओढदांडी तारेच्या टोकाशी असलेल्या यंत्रणेद्वारे तार ताणते किंवा सैल करते.

साध्या हवाईयन गिटारमध्ये दांडी सरकविली, की तिच्याखालील सर्व तारांचे स्वर एकदमच बदलतात [⟶ गिटार]. पेडल स्टील गिटारमध्ये मात्र इतर स्वर स्थिर राहून एकच स्वर दुसऱ्यात विरघळू शकतो. हे या वाद्याचे खरे वैशिष्ट्य होय. भारतात व्हॅन शिप्ले, ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) इत्यादींनी रुजविलेल्या हवाईयन पद्धतीच्या वादनात मींड सर्वस्वी दांडीने घेतली जाते. रागसंगीताला एका स्वराची अखंड वाटचाल अभिप्रेत असल्याने तेथे या यंत्रणेची गरज भासली नाही. अमेरिकेतील कंट्री संगीताला बदलते स्वरसंघात हवे होते, म्हणून ती तेथे विकसित झाली.

इतिहास : बड आयझॅक्स यांनी वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात (१९५४) वाजत्या तारांचा स्वर पेडलने चढविला आणि हा नाद लोकप्रिय झाला. आयझॅक्स एकाच पेडलने जे दोन स्वरबदल एकत्र करीत, ते बडी एमन्स (१९३७–२०१५) यांनी दोन पेडलांवर विभागले. गुडघा-तरफांचे श्रेय सामान्यतः झेन बेक यांना दिले जाते. पायांची संख्या वाढविणे शक्य नसल्याने मोकळे असलेले गुडघे कामाला लावणे, ही त्यामागील साधी कल्पना होती.

प्रमाण स्वरमेळ : कंट्री संगीतात रूढ असलेल्या ई नाइन्थ स्वरमेळात वादकापासून सर्वांत दूरच्या तारेपासून क्रमाने एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी व बी असे स्वर असतात. ‘ए’ हे पेडल पाचव्या व दहाव्या तारेचा बी स्वर सी शार्पपर्यंत चढविते. ‘बी’ हे पेडल तिसऱ्या व सहाव्या तारेचा जी शार्प ए-पर्यंत नेते. ‘सी’ हे पेडल चौथ्या तारेचा ई एफ शार्पपर्यंत व पाचव्या तारेचा बी सी शार्पपर्यंत चढविते. एमन्स यांच्या मांडणीत ही पेडले डावीकडून उजवीकडे ए, बी, सी अशी असतात. जिमी डे (१९३४–९९) यांच्या मांडणीत तोच क्रम उलट, म्हणजे सी, बी, ए असा असतो.

तरफांची जागा ठरविण्याची तत्त्वे : सामान्यतः डाव्या गुडघ्याच्या डावीकडे, उजवीकडे व वर अशा तीन आणि उजव्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंस एकेक अशा दोन, मिळून पाच तरफा असतात. गुडघा एकाच वेळी डावीकडे व उजवीकडे जाऊ शकत नाही. म्हणून पहिले तत्त्व असे, की ज्या दोन बदलांचा एकत्र उपयोग कधीच होणार नाही, ते एकाच गुडघ्याच्या दोन बाजूंस ठेवावेत. चौथ्या व आठव्या तारेचा ई स्वर अर्धस्वराने चढविणे आणि तोच अर्धस्वराने उतरविणे हे बदल परस्परविरोधी आहेत. ते डाव्या गुडघ्याच्या दोन बाजूंस ठेवल्यास एकही स्वरसंघात गमवावा लागत नाही.

दुसरे तत्त्व असे, की जे बदल एकत्र वापरावयाचे, त्यांच्यासाठी पाऊल व गुडघा एकाच दिशेने झुकले पाहिजेत. एमन्स मांडणीत ‘ए’ पेडल डावीकडे असते. ते एकटे दाबताना पाऊल डावीकडे कलते व गुडघाही आपोआप त्याच बाजूस जातो. म्हणून ई चढविणारी तरफ तेथे डावीकडे असणे सोयीचे. या जोडीने पाचवी तार सी शार्प, चौथी एफ व सहावी जी शार्प होऊन सी शार्प मेजर हा स्वरसंघात मिळतो. त्यामुळे कोणताही मेजर स्वरसंघात पेडलांविना जेथे मिळतो, त्याच्या तीन पडदे वर या जोडीने पुन्हा मिळतो, तर ‘ए’ व ‘बी’ ही पेडले एकत्र दाबल्यास सात पडदे वर मिळतो. उदाहरणार्थ, जी मेजर हा तिसऱ्या, सहाव्या व दहाव्या पडद्यावर सापडतो. सबंध पट्टीवरचा संचार ह्या तीन स्थानांवर आधारलेला असल्याने तरफेची जागा चुकली, तर मधले स्थान अवघड होऊन बसते.

ई उतरविणाऱ्या तरफेचा विचारही याच न्यायाने करता येतो. ‘बी’ पेडल व ही तरफ मिळून बी, डी शार्प, एफ शार्प व ए हे स्वर, म्हणजे बी सेव्हन्थ हा स्वरसंघात देतात. दांडी जागची न हलविता मूळ स्वरसंघातावरून ‘ए’ व ‘बी’ दाबून चतुर्थावर आणि मग ‘ए’ सोडून पंचमावरील या स्वरसंघातावर जाता येते. ‘ए’ सोडताना पाऊल उजवीकडे येते, म्हणून तरफही उजवीकडे हवी. जिमी डे यांच्या मांडणीत पेडलांचा क्रम उलटा असल्याने दोन्ही तरफांची अदलाबदल करावी लागते. एका मांडणीची पेडले व दुसरीच्या तरफा घेतल्यास पाऊल एकीकडे व गुडघा दुसरीकडे ओढला जातो. काही वादक ई उतरविणारी तरफ उजव्या गुडघ्याकडे देतात. त्यामुळे डाव्या गुडघ्याला इकडून तिकडे जावे लागत नाही, परंतु उजव्या गुडघ्याची एक जागा खर्च होते.

उभी तरफ पाचव्या तारेचा बी स्वर बी फ्लॅटवर उतरविते. ‘ए’ व ‘बी’ दाबलेली असता ती वापरली, तर सी शार्पचा सी होऊन ए मेजरचे रूपांतर ए मायनरमध्ये होते. मात्र हा मधला स्वर यंत्रणेत वेगळा जुळवून घ्यावा लागतो. पावलाचा पुढचा भाग पेडलांवर ठेवून टाच उचलली, की गुडघा वर जातो. आडव्या हालचालीत व्यत्यय येत नसल्याने दोन पेडलांबरोबर वापरावयाचा हा बदल उभ्या तरफेवरच शोभतो.

उजवा गुडघा : उजवा पाय ध्वनितीव्रतेच्या पेडलावर असल्याने गुडघा बाजूला नेताना घोटा वळतो व नकळत आवाज कमीजास्त होतो. त्यामुळे तुलनेने कमी वेळा लागणारे बदल येथे ठेवतात. दुसऱ्या तारेचा डी शार्प डी व पुढे सी शार्पपर्यंत उतरविणारी आणि नवव्या तारेचा डी सी शार्पवर आणणारी तरफ बहुधा उजवीकडे असते. पहिल्या टप्प्यावर गुडघ्याला जाणवेल असा किंचित अडथळा तीत ठेवावा लागतो. अन्यथा डी हा स्वर अंदाजाने शोधावा लागतो. दोन मानांच्या वाद्यात दुसरी मान सी सिक्स्थ स्वरमेळाची असते व त्याच तरफा दोन्ही मानांना पुरवाव्या लागतात. तेथे जागेची निवड अधिक काटेकोर होते.

अंतर व शरीरस्थिती : तरफ फार जवळ असल्यास पेडल दाबताना गुडघा तिला टेकतो व तार बेसूर होते, फार दूर असल्यास गुडघ्याच्या धावेबरोबर पाऊल पेडलावरून निसटते. म्हणून प्रथम बैठकीची उंची व वाद्याच्या पायांची लांबी निश्चित करावी. नंतर ‘ए’ एकटे, ‘ए’ व ‘बी’, ‘बी’ एकटे आणि ‘बी’ व ‘सी’ अशा चारही स्थितींत पाऊल ठेवून गुडघा कोठे येतो ते पाहावे, आणि या पट्ट्याच्या जेमतेम बाहेर दोन्ही बाजूंच्या तरफा आणाव्यात. तरफ जड वाटल्यास ओढदांडीचे कोनतरफेवरील स्थान बदलून तिचा जोर कमी करता येतो. मात्र जोर कमी झाला, की तरफेचा प्रवास वाढतो. दोहोंचा मेळ वादकाच्या पायाच्या मानाने घालावा लागतो. उंच वा ठेंगण्या वादकाने दुसऱ्याच्या मापाचे वाद्य तसेच वापरल्यास कंबर व नितंब यांच्या स्नायूंवर सतत ताण पडतो.

तरफ एका जागेवरून दुसरीकडे हलविणे हे कारागिराच्या दृष्टीने किरकोळ काम असते. परंतु वादकाच्या स्नायूंनी एकदा शिकलेली दिशा विसरणे सोपे नसते. ऐन मैफलीत गुडघा जुन्याच बाजूस वळतो. यासाठी नवशिक्याने रूढ मांडणींपैकी एक संपूर्णपणे स्वीकारावी, तिची अंतरे आपल्या शरीराप्रमाणे जुळवून घ्यावीत आणि बदलांची अदलाबदल त्या मांडणीतील उणीव वादनातून स्वतःला पटल्यानंतरच करावी, हे श्रेयस्कर ठरते.