मुकादमाचा हिशेब

अंधेरी स्थानकाबाहेर रोज सकाळी सायकली येऊन थांबत. डबे उतरत, झाकणांवरच्या खुणा पाहून त्यांची वाटणी होई आणि भरलेले लाकडी क्रेट चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलच्या मालडब्यात चढत. त्या गर्दीतून वाट काढत मी अनेक वर्षे कामावर गेलो. मार्च २०२० मध्ये ती जागा रिकामी झाली. पुढे एका मुकादमांशी बोलण्याचा योग आला आणि डबेवाल्यांविषयी आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो, असे मला वाटू लागले.

आपला प्रश्न असे अचूकपणाचा. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात महासाथीपूर्वी सुमारे ५,००० माणसे रोज सुमारे २ लाख डबे पोहोचवत. हार्वर्ड बिझनेस स्कूलनेही त्याचा अभ्यास केला. पण ही एक कंपनी नाही. वीस-पंचवीस जणांचे गट आहेत. प्रत्येकाची गिऱ्हाइके वेगळी, जमाखर्च वेगळा. गटात कोणी कोणाचा नोकर नाही, सगळे भागीदार. मिळकतीची वाटणी जवळपास सारखी. म्हणजे अंधेरीतला एक गट हा एक छोटा धंदा आणि मुकादम त्याचा कर्ता.

या धंद्यात माल साठवावा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. मात्र दोन गोष्टी परक्याच्या हातात असतात : लोकल आणि कचेरी. २०२० मध्ये दोन्ही एकदम बंद झाल्या. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडची बरीच मंडळी गावी परतली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा त्या भागालाही बसला.

८ जूनपासून खासगी कचेऱ्यांना दहा टक्के माणसे बोलावण्याची मुभा मिळाली. इथे खरा पेच सुरू होतो. समजा, गटात २० जण आणि ६०० डबे होते. त्यांतले ६० परत आले. मिळकत दहावा हिस्सा झाली, पण काम त्या प्रमाणात घटले नाही. एक डबा फोर्टचा, दुसरा नरिमन पॉइंटचा. अंधेरीत गोळा करणारा, गाडीत सांभाळणारा आणि चर्चगेटला उतरवून घेणारा माणूस लागणारच. मिळकत सगळ्यांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन डब्यांचे पैसे. चौघांनीच काम केले, तर त्यांना पंधरा-पंधरा डब्यांचे आणि सोळा जणांना काहीच नाही. समान वाटणीचा नियम पाळला तर सगळे उपाशी, मोडला तर भागीदारी उरत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये डबेवाल्यांना लोकलची परवानगी मिळाली, पण गिऱ्हाईक घरीच होते. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांसाठी लोकल सुरू झाली, तीही सकाळी सातपूर्वी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. कचेरीच्या वेळेला नेमकी बंदच! एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने तेवढीही सोय गेली. दोन्ही लसी घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून पुन्हा प्रवास करता आला.

त्या दीड वर्षात कोणी शेती धरली, कोणी रिक्षा चालवली, कोणी इमारतींवर पहारा केला. मी ज्यांच्याशी बोललो, त्या मुकादमांनी दोन कामे सोडली नाहीत. दर महिन्याला जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायचा आणि गावी गेलेल्या भागीदाराची जागा त्याच्याच नावाने ठेवायची. जवळ राहणाऱ्यांनी आधी काम करायचे, डबे वाढतील तसे एकेकाला बोलवायचे, असे त्यांनी ठरवले. सर्वांना ते पटले नाही. काही जण रुसले, काही परतलेच नाहीत. हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

संकटात धंदा सांभाळणे म्हणजे काही नवे शोधून काढणे, असे आपण मानतो. इथे मात्र टंचाईची वाटणी करणे, हेच मुकादमांचे मुख्य काम होते. माझ्या मते, या पद्धतीत कमतरता होती ती गंगाजळीची. महिन्याची मिळकत महिन्यातच वाटली जाई. चांगल्या दिवसांत प्रत्येक डब्यामागे रुपया जरी बाजूला पडला असता, तरी पहिले काही महिने त्या सोळा जणांना रिकाम्या हाताने थांबावे लागले नसते. बरोबरीची भागीदारी टिकवायची, तर वाईट दिवसांचा वाटा चांगल्या दिवसांतच काढून ठेवावा लागतो.