हातांतील बिनतारी यंत्र आणि त्यास जोडावयाचीं साधनें

पूर, वादळ किंवा भूकंप आला म्हणजे तारा तुटतात व मोबाईलचे मनोरेही मुके होतात. १९९९ सालच्या ओरिसांतील महावादळांत व २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपांत हौशी बिनतारी चालकांनीं निरोप पोंचवून मोठें कार्य केलें. आपल्या मुलांपैकीं कोणास ही विद्या साधावयाची असेल तर प्रथम सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. बाजारभाव किंवा मालाची खरेदीविक्री यांचे निरोप या यंत्रावरून पाठविण्यास मनाई आहे, हेंही आरंभींच ध्यानांत असावें.

यंत्र घेणें सोपें. त्यास संगणक व इतर साधनें जोडतांनाच नुकसान होतें. एक पिन चुकली तर महागाचें यंत्र क्षणांत निकामी होतें. म्हणून उदाहरणादाखल याएसू कंपनीचें एफटी-८१७ हें जपानी यंत्र आम्ही घेतों. तें सुमारें २००० सालीं निघालें. त्याच बांधणीचें एफटी-८१८ हें २०१८ सालीं आलें. आतां दोन्ही नवीं होत नाहींत, जुनीं विकत मिळतात. वजन सव्वा किलोच्या आंत आणि शक्ति जास्तींत जास्त ५ वॅट, त्यामुळें तें खांद्यावरील झोळींत सहज मावतें.

प्रथम विजेविषयीं. यंत्रास १३.८ व्होल्ट लागतात व १६ व्होल्टांवर केव्हांही जाऊं नये. पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं सौर पट्टी असते. तिजवर ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलें असलें तरी भार नसतां तिच्या टोकांशीं २० व्होल्टांच्या आसपास दाब येतो. तेव्हां पट्टी थेट यंत्रास जोडूं नये. मध्यें नियंत्रक व बॅटरी असावी आणि यंत्रानें बॅटरीवरूनच वीज घ्यावी. बॅटरीच्या धन टोकाशेजारीं फ्यूज घालण्यास विसरूं नये.

आतां ध्वनीची जोडणी पाहूं. यंत्राच्या मागें ‘डाटा’ नांवाचें सहा पिनांचें लहान गोल छिद्र आहे. त्यांतील पहिली पिन संगणकाचा ध्वनि आंत घेते, दुसरी जमीन होय, तिसरी जमिनीशीं जोडतांच यंत्र प्रक्षेपण करूं लागतें आणि पांचवी ऐकूं येणारा ध्वनि संगणकाकडे देते. येथें मात्रा सांभाळावी लागते. साध्या संदेशांच्या रीतींत पहिली पिन सुमारें ४० सहस्रांश व्होल्ट इतकाच ध्वनि मागते. संगणकाच्या कानयंत्राच्या छिद्रांतून मात्र एक व्होल्ट किंवा अधिकही येतो. पाटाचें सगळें पाणी एका वाफ्यांत सोडलें म्हणजे बांध फुटून शेजाऱ्याचें पीकही वाहून जातें, तसाच हा प्रकार आहे. ध्वनि जास्त झाला कीं संदेश फाटतो व शेजारच्या लहरींवर पसरून इतरांस उपद्रव होतो. उपाय स्वस्त आहे. १०,००० ओहमचा अवरोध ओळींत व ४७० ओहमचा जमिनीशीं लाविला तर ध्वनि सुमारें बाविसाव्या भागावर येतो. उरलेलें समायोजन संगणकावरील ध्वनीच्या कळीनें करावें.

संगणक व यंत्र यांच्या जमिनी निरनिराळ्या मार्गांनीं जोडल्या गेल्या म्हणजे ध्वनींत घरघर शिरते. ती टाळण्यास दोन्ही ध्वनितारांत एकास एक प्रमाणाचें लहान रोहित्र घालावें, व प्रक्षेपणाच्या तारेंत प्रकाशानें चालणारा विलगक घालावा. ४एन३५ हा त्यांपैकीं एक होय. मग दोन यंत्रांत धातूचा संबंध उरत नाहीं.

नियंत्रणाची तार वेगळी आहे. मागील ‘एसीसी’ या आठ पिनांच्या छिद्रांत पहिल्या पिनेवर १३.८ व्होल्ट असतात, म्हणून सांधे उघडे ठेवूं नयेत. चौथ्या व पांचव्या पिनांवरून संगणकाशीं संवाद होतो. यंत्राची पाठविणारी तार संगणकाच्या घेणारीशीं जोडावी. दाब ५ व्होल्टांचा हवा. जुन्या संगणकांच्या क्रमिक छिद्रांत १२ व्होल्टपर्यंत उलटसुलट दाब असतो, त्याची तार सरळ येथें लाविली तर यंत्र जळेल. दर सेकंदाचा वेग मेनू १४ मध्यें ४८००, ९६०० किंवा ३८४०० असा ठरवितां येतो. संगणकावरही तोच असावा. हुकूम पांच घटकांचा असतो. १४.०७४ मेगाहर्ट्झवर जाण्यास ०१, ४०, ७४, ०० व शेवटीं ०१ असे पांच अंक जातात. पहिले चार लहर सांगतात, पांचवा काम सांगतो.

या लहरीवर एफटी८ नांवाची रीत चालते. ती २०१७ सालीं जो टेलर व स्टीव्ह फ्रँके यांनीं काढिली. पंधरा सेकंदांच्या एका पाळींत सुमारें १२.६ सेकंद यंत्र अखंड बोलतें, म्हणून तें तापूं नये यासाठीं शक्ति अडीच वॅटवर आणावी. संगणकाचें घड्याळ मात्र एक सेकंदाच्या आंत अचूक असलें पाहिजे.

सर्व जोडूनही टिकटिक किंवा करकर ऐकूं आली तर यंत्राचा दोष समजूं नये. कुंपणाचें झटका यंत्र, सौर नियंत्रक, एलईडी दिवे व वेग बदलणारे पंपाचे चालक हे आवाज उत्पन्न करितात. यंत्र बॅटरीवर चालू ठेवून एकेक साधन बंद करावें; ज्याच्या बंद होण्यानें आवाज थांबेल तोच अपराधी होय. तारेस फेराइटचें कडें घालून तीस तीन-चार वेढे दिले तर पुष्कळ फरक पडतो.

जोडण्याचा क्रमही असावा. प्रथम यंत्र एकटें ऐकून पहावें, मग आंत येणारा ध्वनि, मग नियंत्रण, व शेवटीं कमींत कमी शक्तीवर प्रक्षेपण. प्रत्येक तारेस नांवाची चिठ्ठी बांधून त्याचा नकाशा झोळींत ठेवावा. हें सारें उन्हाळ्यांत, पाऊस पडण्यापूर्वीं उरकावें. पूर दारीं आल्यावर कोणती पिन कोणती हें शोधण्यास वेळ नसतो.