डावा इंडिकेटर घाईत

परवा मंडईतून परतताना डावीकडे वळायला इंडिकेटर दिला आणि डॅशबोर्डवरचा हिरवा बाण धाप लागल्यासारखा लुकलुकायला लागला. नेहमीच्या दुप्पट वेगाने टिकटिक. आमची ओम्नी १९९९ची. या वयात एवढी घाई तिला शोभत नाही. पण तक्रार सांगायची तिची हीच रीत आहे.

इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हावी, असा दंडक आहे. ते काम फ्लॅशर नावाची छोटी डबी करते. एका बाजूला पुढे-मागे मिळून २१ वॅटचे दोन बल्ब, १२ व्होल्टवर प्रत्येकी पावणेदोन अँपिअर ओढणारे. त्यातला एक गेला की करंट निम्म्यावर येतो, ते फ्लॅशरला कळतं आणि तो वेग वाढवतो. पत्ती तापून वाकण्यावर चालणाऱ्या फार जुन्या फ्लॅशरची तऱ्हा उलटी: पत्ती पुरेशी तापतच नाही, त्यामुळे उरलेला बल्ब नुसता पेटून राहतो.

बाण बाजू सांगतो, पण पुढचा गेला की मागचा, ते उतरूनच बघावं लागतं. हॅझर्डचं बटण दाबून गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या डाव्या कोपऱ्यात अंधार.

ओम्नीच्या टेल लॅम्पची काच (म्हणायची काच, असतं प्लास्टिक) बाहेरूनच स्क्रूने बसवलेली. पुष्कळ गाड्यांत मात्र डिकीच्या आतून होल्डर फिरवून काढावा लागतो. बल्ब किंचित आत दाबायचा, डावीकडे फिरवायचा, सोडायचा, हातात येतो. माझ्या बल्बची काच आतून काळी पडली होती आणि फिलामेंटचं एक टोक लोंबत होतं. म्हणजे निदान पक्कं.

दुकानात नुसतं ‘इंडिकेटरचा बल्ब द्या’ म्हणू नका, जुना बल्ब सोबत न्या. ब्रेकचा बल्ब दिसायला अगदी तसाच. पण त्यात दोन फिलामेंट, बुडाला दोन ठिपके आणि बाजूच्या दोन पिना वरखाली. इंडिकेटरचा एक फिलामेंटचा, एक ठिपक्याचा, पिना समान उंचीवर. चुकीचा बल्ब सरळ बसत नाही, आणि जोर करून बसवणारे महाभाग काही कमी नाहीत. नारिंगी काचेमागे साधा पांढरा बल्ब लागतो. काच पांढरी असेल तर बल्ब नारिंगी, आणि त्याच्या पिना एकमेकींच्या बरोबर समोर नसतात. फक्त बल्ब बदलून एलईडी घातला, तर तो करंट इतका कमी घेतो की फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखाच वाटतो. टिकटिक परत सुरू.

नवा बल्ब लावला, तरी उजेड नाही. इथेच बरेच जण वायरिंग गेलं म्हणून गॅरेज गाठतात. मी होल्डरमध्ये डोकावलो. काचेखालचं रबर कडक होऊन चिरलेलं, चार पावसाळ्यांचं पाणी आत झिरपलेलं, पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर. बॅटरीची वायर काढून ठेवली, पॉलिश पेपरची सुरळी करून होल्डर आतून घासला, तळाचा दबलेला ठिपका जरा वर उचलला, आणि अर्थिंगचा स्क्रू काढून त्याखालचा पत्रा चकचकीत केला. अर्थिंग खराब असल्याची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे: इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक दाबला की शेजारचे दिवेही मंद होऊन लुकलुकतात. परतीची वाट बंद असली की करंट शेजारच्या बल्बमधून घुसतो. अशा वेळी कितीही बल्ब बदला, उपयोग नाही.

काच परत बसवताना स्क्रू बेताने आवळा. पंचवीस वर्षांचं प्लास्टिक कडक झालेलं असतं, चटकन तडकतं. आणि बल्ब आणताना दोन आणा. एक लावा, दुसरा कापडात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. उजवीकडचाही तेवढाच जुना आहे.