अश्वशक्तिमापन, मोटारगाडीचे
मोटारगाडीच्या एंजिनापासून मिळणारी शक्ती मोजणे, तसेच गाडीच्या चाकांशी मोजलेल्या शक्तीवरून एंजिनाच्या शक्तीचे अनुमान करणे यांचा या विषयात समावेश होतो. स्पोर्ट्स मोटारीची किंमत व कीर्ती बऱ्याच अंशी तिच्या जाहीर केलेल्या अश्वशक्तीवर अवलंबून असल्याने तिच्या बाबतीत या मापनाला विशेष महत्त्व आहे.

जेम्स वॉट यांनी दर मिनिटास ३३,००० फूट-पौंड कार्य करणारी शक्ती म्हणजे एक अश्वशक्ती असे मान ठरविले. ही ब्रिटिश अश्वशक्ती ७४५·७ वॉट भरते. मेट्रिक अश्वशक्ती मात्र ७३५·५ वॉट असते. त्यामुळे ३०० मेट्रिक अश्वशक्तीचे एंजिन ब्रिटिश मानाने सु. २९६ अश्वशक्तीचे ठरते. दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी एकक पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

शक्तिमापकाने शक्ती प्रत्यक्ष मोजली जात नाही. अक्षाला पीळ देणारे परिबल, म्हणजे परिपीडन, व अक्षाचा वेग या दोन राशींवरून ती काढतात. न्यूटन-मीटरमधील परिपीडनाला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागल्यास शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. उदा., ६,००० फेऱ्यांना ३०० न्यूटन-मीटर परिपीडन असल्यास शक्ती सु. १८८ किवॉ., म्हणजे सु. २५६ मेट्रिक अश्वशक्ती होते. फ्रेंच अभियंते द प्रोनी यांनी १८२१ मध्ये घर्षणावर चालणारा व इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी १८७७ मध्ये पाण्याच्या रोधावर चालणारा शक्तिमापक तयार केला. अशा साधनाला एंजिन गाडीबाहेर काढून जोडल्यास भुजादंडाशी मिळणारी शक्ती समजते. तथापि एंजिनाबरोबर कोणते भाग चालू ठेवले होते यावरही आकडा अवलंबून असतो. अमेरिकेत १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत पंखा, हवागाळणी, सायलेन्सर इ. वगळून मोजलेली स्थूल अश्वशक्ती जाहीर करीत. १९७१ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीच्या एलटी-१ एंजिनाची स्थूल शक्ती ३३०, तर हे भाग जोडून मोजलेली निव्वळ शक्ती २७५ होती; एंजिन मात्र एकच होते.

तयार गाडीचे एंजिन न काढता मापन करण्यासाठी तिची चालक चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. एका प्रकारात रुळांना विद्युत् चुंबकीय वा जलीय रोध देऊन परिपीडन मोजतात. दुसऱ्या प्रकारात ज्ञात निरूढी असलेला जड रूळ किती त्वरेने गती घेतो हे पाहतात. समजा, रुळाचे निरूढी परिबल ४०० किग्रॅ.-मी.², कोनीय वेग सेकंदास ७० रेडियन व कोनीय प्रवेग सेकंदास ६ रेडियन प्रती सेकंद आहे. तर तिन्हींचा गुणाकार १,६८,००० वॉट, म्हणजे सु. २२८ मेट्रिक अश्वशक्ती होतो. ही शक्ती चाकांशी उपलब्ध झालेली असते, एंजिनाशी नव्हे.

मधली शक्ती दंतचक्रांच्या दात्यांचे घर्षण, तेलाचे घुसळणे, धारवे, टायरांचे दबणे व घसरणे यांत खर्च होते. शिवाय वेग वाढत असताना प्रचक्र, दंड व चाके यांना गती देण्यातही काही शक्ती गुंतते. म्हणून निरूढी प्रकारात खालच्या गिअरमध्ये आकडा कमी येतो व चाचणी बहुधा १:१ च्या जवळपासच्या गिअरमध्ये घेतात.

ही हानी सरसकट १५ टक्के धरण्याचा प्रघात आहे. तो विश्वसनीय नाही. चाकांशी २०४ अश्वशक्ती आढळल्यास तीत १५ टक्के मिळवून २३५, तर ०·८५ ने भागून २४० असे दोन निराळे आकडे निघतात. त्याच गाडीच्या एंजिनात सुधारणा केल्यावर चाकांशी २८९ मिळाल्यास भागाकाराने ३४० येतात. म्हणजे दंतचक्रपेटी तीच असूनही हानी ३६ वरून ५१ झाली असे मानावे लागते. दात्यांचे घर्षण भाराबरोबर वाढते हे खरे. परंतु तेलाचा रोध मुख्यतः वेगावर अवलंबून असतो. हानी मुळीच वाढली नसती, तर उत्तर ३२५ आले असते. खरा आकडा या दोहोंच्या दरम्यान असावयास पाहिजे.

याहून बरी रीत म्हणजे महत्तम वेग गाठल्यावर क्लच दाबून रूळ आपोआप मंद होऊ देणे. मंदनावरून प्रत्येक वेगाची रोधशक्ती काढून ती चाकांच्या शक्तीत मिळवितात. मात्र त्या वेळी दंतचक्रांवर भार नसल्याने भारावस्थेतील काही हानी हिशेबातून निसटते.

हवेचाही विचार करावा लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंच असल्याने तेथे साधे एंजिन मुंबईपेक्षा सु. ६ ते ७ टक्के कमी शक्ती देते. म्हणून मापन प्रमाणित दाब व तापमान यांस अनुसरून शोधितात. अमेरिकन जे१३४९ मानकात २५° से. तापमान व कोरड्या हवेचा ९९ किलोपास्काल दाब धरला आहे. जुन्या मानकाने तेच एंजिन सु. ४ टक्के अधिक शक्तिमान दिसते. टर्बोचार्जर असलेली कित्येक एंजिने दाबातील घट स्वतःच भरून काढीत असल्याने त्यांना हाच शोधनांक लावल्यास आकडा फुगतो.

या मर्यादा असूनही रुळांवरील मापनाचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. १९९९ मध्ये फोर्ड कंपनीची मस्टँग कोब्रा गाडी ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. ती जाहीर शक्ती देत नाही, असे मालकांच्या चाचण्यांत दिसून आले. कंपनीने विक्री थांबवून गाड्या परत बोलाविल्या आणि हवा आत घेणारा नलिकासमूह, निष्कासनळी व नियंत्रक संगणक यांत बदल करून दिले. २००५ पासून अमेरिकेत स्वतंत्र निरीक्षकासमक्ष मोजलेल्या शक्तीला प्रमाणपत्र देण्याची ऐच्छिक पद्धती सुरू झाली. तीनुसार प्रथम प्रमाणित झालेल्या कॉर्व्हेट झी-०६ च्या एंजिनाची शक्ती ५०५ अश्वशक्ती ठरली.

सारांश, चाकांशी मिळालेला आकडा हे मापन आहे, एंजिनाचा आकडा हे त्यावरून काढलेले अनुमान आहे. एकक, शक्तिमापकाचा प्रकार, गिअर, शोधनाचे मानक व हानी काढण्याची रीत नमूद केल्याशिवाय त्या अनुमानाला अर्थ राहत नाही. एकाच गाडीच्या, त्याच रुळांवर व सारख्याच परिस्थितीत घेतलेल्या फेरफारापूर्वीच्या व नंतरच्या मापनांतील फरक हा मात्र पुष्कळ अधिक विश्वसनीय असतो.